कळसूबाईवर रात्रीचा मुक्काम

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही चौघे मित्र कळसूबाईवर मुक्काम करणार आहोत. पाठीवर काय न्यावे?

उत्तर : शिखर १६४६ मीटर उंच असले तरी बारी गावातून जाणारी वाट मळलेली असून अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत, खरा त्रास वाऱ्याचा होतो. माथ्यावर देवीच्या लहानशा मंदिराखेरीज भक्कम आडोसा नाही, म्हणून तंबू शिखराखालच्या सपाटीवर लावावा, जाड स्लीपिंग बॅग घ्यावी आणि प्रत्येकाने चार लिटर पाणी खालूनच न्यावे. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. सॅकला आडवी बांधलेली मॅट कठड्यात अडकते, ती उभीच बांधावी. परिसर अभयारण्यात असल्यामुळे मुक्कामाच्या परवानगीविषयी वनखात्याकडे आधीच विचारणा करावी आणि शेकोटीचा बेत (तो असणारच!) सोडून द्यावा.