बीएला इंग्लिश घेतलंय, पण फोनिम, मॉर्फीम, आस्पेक्ट हे शब्द लक्षातच राहत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मराठी मिडियममधून आलोय, व्याख्या पाठ करतो आणि दोन दिवसांत सगळं उडून जातं. मी नागपुरात बरीच वर्षं बीएच्या पोरापोरींच्या इंग्लिशच्या शिकवण्या घेतो, आणि माझं सरळ म्हणणं आहे की व्याख्या पाठ करणं आधी बंद करा. प्रत्येक शब्द पहिले आपल्या तोंडच्या बोलीवर लावून बघा, मग इंग्लिशवर. आपल्याकडच्या माणसाला तर हे जास्तच सोपं जातं.

टेन्स आणि आस्पेक्टचंच घ्या, ही जोडी सगळ्यात जास्त छळते कारण शाळेत आपल्याला बारा टेन्स घोकायला लावलेले असतात. आता टपरीवर उभे आहात, फोन येतो, "काय करून राहिला बे?" तुम्ही म्हणता, "तर्री पोहे खाऊन राहिलो." राहिलो हे रूप नीट बघा, दिसायला भूतकाळाचं आहे, पण पोहे तर आत्ता तोंडात आहेत! म्हणजे इथे राहिलो काळ सांगत नाहीये, काम चालू आहे एवढंच सांगतंय, आणि यालाच आस्पेक्ट म्हणतात. आता म्हणा, "खाऊन राहिलो होतो." काम तसंच चालू, फक्त होतो लागल्याबरोबर सगळं मागे गेलं, तो टेन्स. आता इंग्लिश, आय अ‍ॅम ईटिंग, आय वॉज ईटिंग. ईटिंग जागचं हललं नाही, अ‍ॅमचं वॉज झालं. म्हणूनच बहुतेक भाषाशास्त्रवाले म्हणतात की इंग्लिशमध्ये क्रियापदाचं रूप बदलून होणारे टेन्स दोनच, प्रेझेंट आणि पास्ट, विल हा मोडल, म्हणजे कॅन, मे यांच्यासारखं शक्यता-इच्छा सांगणारं सहायक क्रियापद आहे आणि बाकीची गर्दी आस्पेक्टची. आपल्या नागपुरी बोलीतल्या याच "करून राहिलो"वरून मला एकदा एका मुलाखतीत लोक हसले होते, तेव्हा फार लागलं होतं, पण आज वर्गात आस्पेक्ट समजवायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळत नाही.

दुसरा घोळ व्हॉइसचा. गाइडमध्ये पॅसिव्ह व्हॉइसपुढे कर्मणी प्रयोग लिहिलेलं असतं आणि पोरं तिथेच फसतात. "मी आंबा खाल्ला", "मी पोळी खाल्ली". खाणारा मीच, पण क्रियापद आंबा-पोळीच्या लिंगाप्रमाणे बदललं म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पण याचं इंग्लिश आय एट अ मँगो, म्हणजे अ‍ॅक्टिव्हच ना! पॅसिव्ह म्हणजे "आंबा खाल्ला गेला", ज्यात खाणारा मागे पडला किंवा गायबच झाला. क्रियापद कोणाचं ऐकतं हा प्रश्न अ‍ॅग्रीमेंटचा, कर्ता पुढे की मागे हा प्रश्न व्हॉइसचा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की झालं.

फोनिम म्हणजे असा आवाज जो बदलला की शब्दच बदलतो. त्यासाठी कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि "काल" म्हणा, मग "खाल" म्हणा. खालला पट्टी हलते. हवेच्या त्या एका झोताने आपल्याकडे शब्दच बदलतो, म्हणून मराठीत क आणि ख हे दोन वेगळे फोनिम. इंग्रज माणूस किनमधला क असाच हवा सोडून म्हणतो आणि स्किनमधला हवेशिवाय, पण त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते एकाच फोनिमचे दोन अ‍ॅलोफोन, म्हणजे उच्चाराचे दोन प्रकार. उलटं पण होतं बरं का, व्हेस्ट आणि वेस्ट हे इंग्लिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण दोन्हीकडे एकच व लावतो. एकाच आवाजाच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात, पेपरात उदाहरण मागितलं तर हीच लिहा.

मॉर्फीम सोपं आहे, अर्थ असलेला सगळ्यात छोटा तुकडा, अनहॅपीनेसमध्ये तीन, अन, हॅपी आणि नेस. कॅट्समध्ये स, डॉग्जमध्ये झ आणि बसेसमध्ये इझ ऐकू येतो पण तिन्हीचं काम अनेकवचनाचंच, म्हणून ते एकाच मॉर्फीमचे अ‍ॅलोमॉर्फ.

राहिलं सिमँटिक्स आणि प्रॅग्मॅटिक्स. मे महिन्याच्या दुपारी पाहुणा घामाघूम होऊन येतो, सोफ्यावर बसतो आणि विचारतो, "कूलर बंद आहे का?" शब्दांचा अर्थ धरला तर साधा प्रश्न आहे, हो किंवा नाही म्हणा, हे सिमँटिक्स. पण घरातलं कोणीतरी उठतं, कूलरमध्ये पाणी आहे का बघतं आणि बटण दाबतं, कारण तो काय मागतोय ते सगळ्यांना कळलेलं असतं. हे प्रॅग्मॅटिक्स.

सोस्यूर, चॉम्स्की ही भाषाशास्त्रातली मोठी नावं आत्ता बाजूला ठेवा. सोस्यूरचं ते गाजलेलं पुस्तक सुद्धा १९१६ मध्ये, तो गेल्यावर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केलंय, तेव्हा तुमची वही नीट ठेवा. एका पानावर एकच शब्द घ्या, वर घरात ऐकलेलं वाक्य, खाली इंग्लिश वाक्य, आणि व्याख्या सगळ्यात शेवटी स्वतःच्या शब्दांत. कुठे अडलं तर ते वाक्यच इथे कमेंटमध्ये टाका, बघू आपण.