वाचकांचे प्रश्न : तासाला बोललं कोण?

प्रश्न : बी.एड.च्या आंतरवासितेत चिकित्सक अध्यापनशास्त्राच्या (वर्गात सत्ता कुणाची, आवाज कुणाचा आणि फायदा कुणाचा, हे तपासणाऱ्या शिक्षणविचाराच्या) अंगाने स्वतःच्या वर्गानुभवावर चिंतन लिहायचं आहे. माझं लिखाण ‘वरवरचं’ म्हणून परत आलं. नेमकं काय लिहू?
— छात्राध्यापिका, ऐरोली

उत्तर : ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी सहभाग घेतला’ हा निकाल झाला, त्यामागची नोंद कुठे आहे? एकच तास निवडा. टाचणवहीच्या (पाठाचं नियोजन लिहिता त्या वहीच्या) मागच्या पानावर बाकांचा आराखडा काढा आणि वही मागे बसलेल्या सहाध्यायी मैत्रिणीकडे द्या, कारण शिकवता शिकवता या खुणा करणं जमत नाही. हात वर झाला की टिंब, मूल बोललं की उभी रेघ, तुम्ही नाव घेऊन विचारलंत की गोल. ज्या बाकांवर तासभरात एकही खूण पडली नाही, तिथून लिहायला लागा.

मग शब्दशः नोंदी. कुणाचं उत्तर तुम्ही पुढे नेलंत, कुणाला ‘बरं, अजून कोण?’ म्हणून ओलांडलंत? आगरीत उत्तर देणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणाला असाल, तर ते वाक्य तसंच लिहा. त्यानंतर तो पुन्हा बोलला का, हेही. प्रश्न विचारल्यावर किती थांबलात? शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात, असं अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या संशोधनात आढळलं.

इथवर वर्णन झालं. चिकित्सा पुढे आहे : हे असं घडण्यात फायदा कुणाचा? शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, मांडलं होतं. तोच प्रश्न आपल्या आराखड्याला विचारा. मात्र ‘मी हुकूमशहासारखी वागले’ अशी स्वतःची झाडाझडती घेत बसू नका, त्यातून पुढचा पाठ सुधारत नाही. बदल एकच ठरवा, तो करून पुन्हा आराखडा काढा आणि दोन्ही आराखडे शेजारीशेजारी जोडा.

प्रश्न : गणिताच्या तासात हे चिकित्सक अध्यापनशास्त्र कसं बसवायचं? अभ्यासक्रम पुरा करायचा असतो.
— शिक्षक, घणसोली

उत्तर : या विचाराचे प्रवर्तक, ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी १९६३मध्ये ब्राझीलच्या अंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना साक्षर केलं, ते त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांवरून. घणसोलीत तसा शब्द तयार आहे : साडेबारा टक्के. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी ज्यांची जमीन गेली, त्या प्रकल्पग्रस्तांना तेवढ्या प्रमाणात भूखंड देण्याची ही योजना. शेकडेवारीच्या धड्यात दोन उदाहरणं बदलली तरी पुरे, जादा तास लागत नाही. १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन सिडकोने घेतली; साडेबारा टक्क्यांनी भूखंड किती? १,२५० चौरस मीटर. हिशेब मुलांना येतो. ‘साडेबाराच का, हा आकडा ठरवला कुणी?’ हे विचारलंत की वर्ग जागा होतो.

इथे एक मोठी अडचण आहे. त्याच वर्गात प्रकल्पग्रस्तांची मुलं असतात आणि त्यांच्याच चाळीत भाड्याने राहणाऱ्यांचीही. फक्त पहिलं उदाहरण घेतलंत तर भाडेकरूंची मुलं गप्प होतील. म्हणून लगेच दुसरं घ्या : भाडं ६,००० रुपये, दरवर्षी १० टक्के वाढ, दोन वर्षांनी किती? बरीच मुलं ७,२०० म्हणतात. बरोबर उत्तर ७,२६०. वरचे ६० कुठून आले, यातच चक्रवाढ समजते. आकडे फळ्यावरचेच ठेवा. घरची जमीन किंवा भाडं वर्गात कुणालाही विचारू नका.

प्रश्न : सर शिकवण्याबद्दल अभिप्राय लिहून घेतात. राग येईल म्हणून सगळे ‘छान’ लिहितात. काय करावं?
— दहावीची विद्यार्थिनी, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तुझी भीती रास्त आहे. नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं आणि अंतर्गत गुण सरांच्या हातात असतात. पाच-पाच जणांनी मिळून एकच कागद द्यावा, अशी परवानगी वर्गप्रतिनिधीमार्फत मागा. ‘सर कसे शिकवतात’ यापेक्षा ‘आज कोणत्या पायरीला समजणं सुटलं’ हे लिहा. त्यात माणसावर बोट राहत नाही. सरांनाही एक विनंती करा : दुसऱ्या दिवशी कागद वाचून काय बदलणार, काय नाही आणि का, हे वर्गात सांगावं. तसं सांगितलं गेलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा ‘छान’च येईल.