प्रशिक्षणं बरीच झाली, तरी वर्गात तंत्रज्ञान नीट वापरता येत नाही. शिक्षकाने यात पुढे कसं जावं?

तुम्ही लिहिलंय, "प्रशिक्षणात सगळं समजतं, पण वर्गात गेल्यावर व्हिडिओ लावण्यापलीकडे माझ्याकडून काही होत नाही." हे वाचून मला माझीच सुरुवातीची वर्षं आठवली. मी गणित शिकवते. एकामागून एक प्रशिक्षणं केली, प्रमाणपत्रं फाइलला लागत गेली आणि वर्ग होता तसाच चालत राहिला.

आणखी कोणती साधनं शिकावीत, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर सध्या नवीन काहीच शिकू नका. तुमच्या विषयात दरवर्षी मुलं हमखास अडतात अशी एक जागा शोधा आणि वर्षभर तेवढ्यावरच काम करा.

माझ्यासाठी ती जागा होती त्रिकोणाचं क्षेत्रफळ. सूत्र सगळ्यांना पाठ. पण पाया तोच ठेवून वरचा शिरोबिंदू पायाला समांतर सरकवत नेला तर क्षेत्रफळाचं काय होईल, असं विचारलं की निम्मा वर्ग चुकायचा. मी फळ्यावर तीन-चार त्रिकोण काढून समजवायचे. पण फळ्यावर ते सुटे सुटे त्रिकोण दिसतात, एकाचा दुसरा होताना दिसत नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं. (मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये सुरू केलेलं हे साधन मुलांना आणि शिक्षकांना मोफत वापरता येतं. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी उघडून बघावं.)

पहिल्या वर्षी मी स्वतःच पडद्यावर शिरोबिंदू ओढून दाखवला. पाया ६ सेंमी, उंची ४ सेंमी. त्रिकोण डावीकडे कलला, उजवीकडे कलला, क्षेत्रफळाचा आकडा १२ वरून हलला नाही. "समजलं?" "हो बाई!" मला वाटलं, जमलं. आठवड्याने चाचणीत तोच प्रश्न घातला, तर चुका जवळपास पूर्वीइतक्याच. मला फार वाईट वाटलं. पण विचार केल्यावर लक्षात आलं की मुलांनी फक्त बघितलं होतं. त्यांना स्वतःला काही ठरवावंच लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी साधन तेच ठेवलं, क्रम बदलला. पडद्यावर काही हलवण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील, आणि का. मग शेजाऱ्याला आपलं कारण पटवून द्यायचं. त्यानंतर पडदा. ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझर १९९१ पासून आपल्या वर्गात साधारण असंच करत आलेत, आणि त्याला हात वर करण्यापलीकडे कसलंही साधन लागत नाही.

एका मुलीने लिहिलं होतं, "वाढेल, कारण बाजू लांब होते." शिरोबिंदू पायाच्या पार बाहेर गेला, बाजू लांबत गेली, आकडा मात्र १२ च. ती बाकावरून उठून पडद्याजवळ आली, बराच वेळ त्या कललेल्या त्रिकोणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण बाई, मग ह्याची उंची गेली कुठे?"

मुलं नेमकी कुठे अडतात ते मला त्या दिवशी कळलं. उंची त्रिकोणाच्या आतच असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. इतकी वर्षं मी सूत्र घोटून घेत होते आणि अडचण सूत्रात नव्हतीच. मी माऊस तिच्याच हातात दिला. तिने पाया पुढे वाढवला, वरून लंब टाकला, लांबी मोजली. ४. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ती बाहेर पडली!" तास संपला तरी मुलं उठेनात.

तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याचं कारण मला इथेच दिसतं. विषय येणं वेगळं आणि त्या विषयात मुलं कुठे अडतात हे ओळखून तो शिकवता येणं वेगळं, हे शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये मांडलं. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू केलर या संशोधकांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान या तिन्हींची सांगड घालता येणं हे स्वतंत्र ज्ञान आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रशिक्षणात बहुतेक वेळा कोणतं बटण कुठे आहे एवढंच सांगतात. ही सांगड तिथे मिळत नाही, ती आपल्या वर्गात, आपल्या मुलांबरोबरच बसते. तेव्हा तुम्ही कमी पडताय असं अजिबात समजू नका.

माझ्या सर्वात जास्त कामी आलेलं तंत्रज्ञान म्हणजे फोनमधला रेकॉर्डर. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी माझ्या एका तासाचा फक्त आवाज रेकॉर्ड केला आणि घरी ऐकला. प्रश्न विचारल्यावर मी थांबतच नव्हते! शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अनेक वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात पाच अंक मोजायला लागले. सुरुवातीला ती शांतता सोसवत नाही, पण तेवढी सोसाच. त्याच रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक दोष सापडला. स्लाइडवरचा मजकूर मी जसाच्या तसा वाचून दाखवत होते. आता स्लाइडवर फक्त आकृती असते, बोलायचं ते मी बोलते.

जमलं तर एखाद्या सहशिक्षिकेला तिच्या ऑफ तासाला तुमच्या वर्गात मागे बसायला सांगा. "तास कसा झाला?" असं विचारू नका, "छान झाला" एवढंच उत्तर मिळेल. "मागच्या दोन बाकांवरची मुलं वहीत काय लिहितात तेवढं बघ" असं नेमकं काम द्या.

वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला तर तोच प्रश्न फळ्यावर घेता येईल अशी तयारी ठेवायची. बाकी वेगाचं म्हणाल, तर मी एका सत्रात असा एकच धडा नव्याने बांधते आणि काय फसलं ते टाचणाच्या समासात लिहून ठेवते. आज माझ्याकडे असे आठ धडे आहेत. बाकीचे तास खडू-फळ्यावर होतात, आणि चांगले होतात.

तुमचा विषय तुम्ही लिहिलेला नाही. विज्ञान असेल तर विद्युत परिपथापासून सुरुवात करा. दिव्यातून जाताना विद्युतधारा थोडी "संपते" असं पुष्कळ मुलांना वाटत असतं. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पात परिपथ जोडायचं मोफत सिम्युलेशन आहे. त्यात एकच दिवा जोडा, त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे विद्युतधारा मोजणारे दोन अमीटर लावा. पण आकडे दाखवण्याआधी, दोन्हीकडे किती येतील ते प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या. मुलं काय लिहितात ते इथे कळवा, पुढच्या तासाचं आपण मिळून ठरवू.