स्टॉक अलर्टची स्क्रिप्ट खोटे मेसेज टाकतेय? 'सोल्ड आऊट' शोधणं आधी बंद कर

बागेतल्या तापमानाच्या नोंदीसाठी रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड हवाय, साईटवर आला की बघेपर्यंत संपतो, म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीस पण ती रात्रभर खोटेच अलर्ट टाकते, असं तू देवगडहून विचारलंयस.

स्क्रिप्ट पेजवर 'सोल्ड आऊट' शोधते आणि ते दिसलं नाही की माल आला समजते, गडबड तिथेच आहे, कारण साईट झोपली आणि एरर पेज आलं तर त्यातही ते शब्द नसतातच. त्यापेक्षा पेजचा सोर्स उघड आणि 'एलडी प्लस जेसन' (ld+json) असं लिहिलेला स्क्रिप्ट टॅग शोध, म्हणजे मशीनने वाचायची मालाची माहिती, बऱ्याच दुकानांत तो गुगलसाठी टाकलेला असतो, त्यात 'अव्हेलेबिलिटी'पुढे 'इनस्टॉक' नाहीतर 'आऊटऑफस्टॉक' असं सरळ लिहिलेलं सापडतं. दुकान शॉपिफाय या ऑनलाईन दुकानांच्या प्लॅटफॉर्मवर असेल तर प्रॉडक्टच्या लिंकला शेवटी डॉट जेएस (.js) लावून बघ, प्रत्येक व्हेरियंटचं (मालाच्या प्रकाराचं) 'अव्हेलेबल' ट्रू की फॉल्स ते येतं. आणि स्थिती दोन नाही, तीन ठेव: आहे, नाही, कळलं नाही. सर्व्हरच्या उत्तराचा स्टेटस 200, म्हणजे 'पेज नीट आलं', नसेल तर 'कळलं नाही', तेव्हा आधीची नोंद बदलायची नाही. शेवटची स्थिती फाईलमध्ये लिही, मेसेज फक्त 'नाही'चं 'आहे' झालं तरच. मेसेज पाठवायला टेलिग्रामचा बॉट, तो बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून चटकन होतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

दर सेकंदाला साईटला ठोकू नकोस रे. ही दुकानं छोटी असतात, दोन मिनिटांनी एकदा, वर थोडे रँडम सेकंद, एवढं पुरे. 429, म्हणजे 'फार वेळा विचारतोयस' असा स्टेटस आला तर उत्तरातल्या 'रिट्राय-आफ्टर'मध्ये दिलाय तेवढा वेळ गप्प बसायचं.

चालवायची कुठे, तर घरच्या पीसीवर नको, पावसात आपल्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. गिटहब अ‍ॅक्शन्स, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायची सोय, फुकट आहे पण शेड्यूल 5 मिनिटांच्या खाली जात नाही, गर्दीच्या वेळी अजून उशीर होतो, आणि पब्लिक रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरात) 60 दिवस काही हालचाल नसेल तर ते शेड्यूल बंदच पडतं. छोटा क्लाऊड सर्व्हर घे. रोज सकाळी 'चालू आहे' असा एक मेसेज टाकायला लाव, नाहीतर स्टॉक नाही म्हणून शांत आहे की स्क्रिप्ट मेलीय म्हणून, ते कळणारच नाही.

आता महत्त्वाचं, आपला पिनकोड टाकून डिलिव्हरी होते का ते आजच बघून ठेव, लॉगिन आणि पत्ताही सेव्ह कर. सड्यावर कलमांत असलास की रेंज नसते, म्हणून मुंबईत कोण भाऊबिऊ असेल तर बॉटसोबत टेलिग्राम ग्रुप करून त्यालाही त्यात घे, अलर्ट आला की त्याने यूपीआयने पैसे भरायचे, आणि इकडे कुरिअर येत नसेल तर माल त्याच्याच पत्त्यावर मागवायचा, गणपतीला येताना तो घेऊन येईल.

ऑटो-खरेदीचा बॉट मात्र बनवू नकोस. 2021-22 च्या चिपटंचाईत रास्पबेरी पाय कंपनी आधी उद्योगांना माल देत होती, साध्या गिऱ्हाइकाला उरायचाच थोडा, त्यात बॉटवाले उचलून दुप्पट-तिप्पट भावाने विकायचे आणि शाळेतली पोरं रिकाम्या हाताने राहायची. तुला एकच हवाय, तो हाताने घे.