रिपोर्ट निगेटिव्ह, पण कसला?

कंडोम फाटला, चौथ्या दिवशी एचआयव्हीची रक्ततपासणी केली, निगेटिव्ह आली, लॅबवाले म्हणाले 'सगळं क्लिअर'. आता जोडीदाराशी पूर्वीसारखे संबंध ठेवायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे. हेच 'सगळं क्लिअर' मीही एकदा ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

चौथ्या दिवसाचा रिपोर्ट फार तर त्या प्रसंगाआधीची स्थिती सांगतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत नवा संसर्ग दिसायला १८ ते ४५ दिवस लागतात, बोटाला टोचून केलेल्या रॅपिड टेस्टमध्ये ९० दिवसांपर्यंत. म्हणजे ४५ दिवसांनी लॅबची तपासणी पुन्हा करावी लागणार. सिफिलिससाठी, म्हणजे संबंधांतूनच पसरणाऱ्या आणखी एका आजारासाठी, तीन महिन्यांनीही एकदा रक्त द्या.

तुमची वेळ टळली, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: एचआयव्ही टाळायचा 'पेप' नावाचा २८ दिवसांचा कोर्स असतो आणि तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, जितका लवकर तितका बरा. त्या वेळी इथे प्रश्न टाकून उत्तराची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता माझा राग. आम्ही जिथे तपासणी केली तिथल्या पॅकेजच्या नावातच 'संपूर्ण' होतं. काउंटरवरच्या माणसाने पानं उलटली, 'नॉर्मल' म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. तो कागद नंतर नीट पाहिला तर नमुन्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: सीरम, म्हणजे रक्तातला द्रव. लघवी कोणी मागितलीच नव्हती! क्लॅमिडिया आणि गनोरिया हे संबंधांतून पसरणारे जिवाणूंचे संसर्ग नेहमी लघवीत किंवा स्वॅबवर शोधतात, तेही पीसीआरसारख्या तपासणीने. रक्ताच्या पॅकेजमध्ये ते सापडणार कुठून? क्लॅमिडियाची बहुतेकांना काहीच लक्षणं नसतात, मलाही नव्हती. पुढे जोडीदाराच्या ओटीपोटात दुखायला लागलं. डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?', मग ॲसिडिटीच्या गोळ्या. खरं निदान होईपर्यंत संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचला होता. वेळेत कळलं असतं तर साधारण आठवडाभराच्या गोळ्यांचं काम होतं. हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

त्यामुळे 'सगळं क्लिअर' म्हणणाऱ्याला आधी विचारा: कोणकोणते आजार तपासले, कशाचा नमुना घेतला, आणि प्रसंगानंतर किती दिवसांनी ही तपासणी ग्राह्य धरतात? उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा. मौखिक किंवा गुदमार्गे संबंध आले असतील तर तेही सांगा, कारण घशातला संसर्ग लघवीत दिसत नाही, त्याला घशाचाच स्वॅब लागतो. सांगताना अवघडल्यासारखं होतं, मान्य, पण समोरच्याला त्याचं काही नसतं. असलं तर तो डॉक्टर बदला.

जोडीदाराला सांगाच, आणि तपासण्या पुऱ्या होईपर्यंत कंडोमशिवाय नको. काही निघालंच तर उपचार दोघांनी एकदम घ्यायचे आणि दोघांचे उपचार संपल्यावरही सात दिवस थांबायचं, नाहीतर तोच संसर्ग एकमेकांना परत देत बसाल. मेडिकलमधून अंदाजपंचे अँटिबायोटिक आणून खाणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. गनोरिया आधीच कितीतरी औषधांना दाद देत नाही.

कंडोम का फाटला ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेल, व्हॅसलिन किंवा बॉडी लोशन वापरलं असेल तर तेच कारण असू शकतं, त्यांनी लेटेक्स कमजोर होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्या. आणि 'डबल सेफ्टी' म्हणून एकावर एक दोन कंडोम चढवू नका, घासून फाटतात.

हर्पिस आणि एचपीव्ही हे विषाणू कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही लागू शकतात. एचपीव्हीची लस आहे, तुमच्या वयाला चालेल का ते विचारून घ्या. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल किंवा आठवत नसेल तर मात्र पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. प्रसंगानंतर लगेच घेतली तर तिचा अजूनही उपयोग होऊ शकतो, तेव्हा उद्याच डॉक्टरांना फोन करा.