भंगारातल्या सामानातून घरी सायकल कोळपं (हाताने ढकलून तण काढायचं अवजार) बनवता येईल का? त्याची पास (माती कापणारं पातं) तुटू नये म्हणून काय करावं?

नक्की येईल. मी शिरूरकडे कांद्यात असंच कोळपं दोन हंगाम चालवलंय. जुन्या सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल गावातच मिळतं. गाडीच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा पुण्यात नाना पेठेत किंवा भोसरीच्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. पास त्याचीच करा, धार टिकते.

पण खरी गोम इथेच आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो. माझी पहिली पास साध्या ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडने, न तापवता थंडच जोडली होती. तिसऱ्या सरीला 'टक्' आवाज झाला. बघतो तर वेल्ड शाबूत आणि त्याला लागून केसासारखी चीर, थेट आरपार! असं लोखंड आधी साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, कोरडा ७०१८ (लो-हायड्रोजन) रॉड वापरायचा आणि जोड झाल्यावर राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं. पाणी अजिबात मारू नका. त्याहून बरं म्हणजे पास वेल्ड न करता दोन नट-बोल्टने बसवा. झिजली की बदलता येते. फ्रेमच्या साध्या अँगलला ६०१३ पुरतो.

गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि बंद शॉकअब्सॉर्बरला कधीच आच लावू नका, तो फुटतो.