ट्यूबलेस टायरची हवा एका रात्रीत का उतरते?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २९ इंची चाकांची माउंटन सायकल असून दिवाळीनंतर तिची दोन्ही चाके ट्यूबलेस करून घेतली. पुढचे चाक आठवडाभर हवा धरते, मात्र मागच्या चाकात संध्याकाळी २६ पीएसआय हवा भरली तर सकाळी जेमतेम १२ उरते. टायर नवा आहे, काटा कुठेही सापडला नाही, आणि दोनदा सीलंट (बारीक छिद्रे बुजवणारा द्रव) वाढवूनही काही फरक पडला नाही. टायरच बदलावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टायर बदलण्याची घाई करू नये. दोन्ही चाके एकाच वेळी ट्यूबलेस झालेली असताना एक आठवडाभर टिकते आणि दुसरे रात्रीत बसते, याचा अर्थ गळती मागच्या चाकातल्या एखाद्या ठरावीक जागी आहे. रबर कधीच पूर्णपणे हवाबंद नसते, त्यामुळे आठवड्याभरात थोडी हवा कमी होणारच. त्यातच संध्याकाळच्या मानाने पहाटे हवा १० अंशांनी थंड असेल, तर २६ पीएसआयमधला साधारण सव्वा पीएसआय केवळ थंडीनेच कमी दिसतो. म्हणून दाब नेहमी दिवसाच्या ठरावीक वेळीच मोजावा. पण रात्रीत निम्मी हवा जाणे ही निश्चितच गळती आहे.

शोधाची सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी, कारण तिथले काम सर्वांत सोपे आहे. टायर आणि रिम या दोहोंवर छापलेली मर्यादा पाहून, तिच्या आत राहून हवा थोडी जास्त भरावी आणि व्हॉल्व्हच्या टोकावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. थेंब फुगला तर आतला कोअर, म्हणजे हवा अडवणारी बारीक झडप, सैल आहे किंवा वाळलेल्या सीलंटमुळे नीट बसत नाही. तो काढून स्वच्छ करून पुन्हा घट्ट करावा. व्हॉल्व्हची बाहेरची चकती मात्र हातानेच आवळावी, पक्कड वापरू नये. पकडीने आवळल्यास बुडाचे रबर चेपते आणि पुढे रस्त्यात व्हॉल्व्ह काढायची वेळ आली तर चकती हाताने सुटत नाही.

त्यानंतर संपूर्ण चाक, टायरची कड आणि तारांची मुळे साबणाच्या पाण्याने भिजवावीत किंवा मोठ्या घमेल्यात चाक थोडे थोडे बुडवून फिरवावे. बुडबुडे तारांच्या मुळाशी किंवा व्हॉल्व्हच्या भोकाभोवती दिसले, तर दोष बहुधा तारांची भोके झाकण्यासाठी रिमच्या आत चिकटवलेल्या टेपमध्ये असतो, आणि इथेच अनेकांची फसगत होते. रिम आतून पोकळ असते. टेपखाली हवा एका ठिकाणी शिरते, त्या पोकळीतून फिरते आणि वाट मिळेल त्या भोकातून बाहेर पडते. कौलारू घरात पाणी एका कौलातून शिरते, वाशावरून वाहत जाते आणि भलत्याच कोपऱ्यात ठिबकते, तसाच हा प्रकार आहे. माझ्या स्वतःच्या सायकलीला व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येत होते म्हणून मी दोन व्हॉल्व्ह बदलले. शेवटी टेप उचकटली तेव्हा व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर, एका तारेच्या भोकाशेजारी, टेपच्या कडेला नखाएवढी सुरकुती सापडली आणि तिच्याखाली वाळलेल्या सीलंटची पांढरी रेघ थेट भोकापर्यंत गेलेली दिसली.

१९९९ साली माविक या फ्रेंच कंपनीने माउंटन सायकलींसाठी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हा त्या रिमच्या आतल्या बाजूला तारांची भोकेच नव्हती, म्हणून टेपची गरजही नव्हती. आजच्या बहुतेक रिमना ती भोके असतात आणि सारा भार पातळ टेपवर येतो. सीलंट वाढवून आपल्याला गुण का आला नाही, याचेही कारण यातच आहे : चाक फिरू लागले की द्रव बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरच्या पृष्ठभागाकडे फेकला जातो, आणि टेप असते ती आतल्या बाजूला.

बुडबुड्यांनी टेपकडेच बोट दाखवले, तर टेप नवीन लावावी. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ती २ ते ४ मिलिमीटर अधिक रुंद घ्यावी, म्हणजे दोन्ही कडांना किंचित वर चढते. जुन्या टेपचा चिकटा आणि सीलंटचे पापुद्रे अंगठ्याने चोळून काढावेत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिम पुसून पूर्ण वाळू द्यावी. टेप चांगली ताणून चिकटवावी, शेवटी १० ते १५ सेंटिमीटर टेप स्वतःवरच चढू द्यावी आणि कापडाने दाबत जावे. व्हॉल्व्हचे भोक पात्याने कापू नये, कारण पात्याचा छेद पुढे फाटत जातो. तापवलेल्या दाभणाने पाडलेल्या भोकाची कड वितळून गोल राहते. एक रात्र साधी ट्यूब घालून हवा भरून ठेवली तर टेप सर्वत्र घट्ट बसते. हे कंटाळवाणे वाटले तरी अवश्य करावे.

बुडबुडे टायरच्या कडेशी आले तर रिमला ठेच लागली आहे का ते पाहावे. यवतेश्वर-कास भागातल्या जांभ्यावर तसे सहज होते. कडेत अडकलेली वाळू आणि सीलंटच्या गुठळ्याही काढाव्यात. बाभळीचा मोडलेला काटा किंवा सराटा आत राहिला असल्यास बोट फिरवून शोधू नये. कापसाचा बोळा फिरवावा, तो काट्याला अडकतो.

टायर पुन्हा चढवल्यावर सुमारे १०० मिलिलिटर ताजे सीलंट घालावे, चाक हलवावे आणि बादलीवर आडवे ठेवून दर दहा मिनिटांनी उलटावे, म्हणजे दोन्ही कडा ओल्या होतात. उन्हाळ्यात सीलंट लवकर आटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा कोअर काढून आत प्लॅस्टिकची बारीक पट्टी बुडवून पाहावी.

प्रश्न : वाटेत कार्बन डायऑक्साइडच्या लहान सिलिंडरने ट्यूबलेस टायरमध्ये हवा भरली तर चालते का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : अडचणीच्या वेळी चालते. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागल्यास त्याला गळती समजू नये. सिलिंडरमधून येणारा वायू अतिशय थंड असतो आणि काही लॅटेक्स सीलंटच्या त्याने गुठळ्या होतात, म्हणून भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवावा. घरी आल्यावर तो वायू सोडून पंपाने साधी हवा भरावी आणि सीलंट अजून पातळ आहे ना, ते तपासावे.